कागदाचा प्राणी मुलाच्याच हातून घडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या बालपुरवणीत कागदाच्या घड्या घालून हत्ती कसा करावा, याचा उपक्रम छापून आला होता. ‘वय वर्षे चार ते सहा’ असे त्यावर ठळक लिहिले होते आणि खाली एकोणीस आकृत्या होत्या. आमच्या शेजारची सहा वर्षांची मुलगी ती पुरवणी आणि एक घोटीव कागद घेऊन माझ्याकडे आली. पहिल्या चार घड्या तिने मोठ्या उत्साहाने घातल्या. सहाव्या आकृतीत कागद थोडा उघडून एक कोपरा आत लोटायचा होता. सातव्या आकृतीत कागद उलटलेला दिसत होता, पण तो कधी उलटायचा हे कुठेच सांगितलेले नव्हते. आठव्या आकृतीशी येईपर्यंत कागद मऊ पडला, सोंडेच्या जागी फाटला, आणि ती हळूच म्हणाली, “आजी, मला नाही येत.” उरलेला हत्ती मी पुरा केला. तो चांगला झाला होता. ती खेळायला निघून गेली तेव्हा मात्र तो माझ्याच टेबलावर राहिला, कारण तो तिचा नव्हता.

मी एकतीस वर्षे बालवाडीत शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे मुलांबरोबर कागदाच्या घड्या घातल्या. त्यामुळे या प्रसंगाने मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. लहान मुलांसाठी घडीकाम म्हणून आज जे घराघरांत आणि शाळाशाळांत चालते, त्यातले पुष्कळसे मोठ्यांचे काम असते आणि मुलाच्या वाट्याला शेवटी डोळे चिकटवणे तेवढे उरते. आमच्या नात्यातल्या एका मुलाला लहान गटात असताना शाळेने ‘कागदाचे पाच प्राणी’ घरून करून आणायला सांगितले होते. त्याची आई रात्री अकरा वाजेपर्यंत मोबाइलवर चित्रफीत थांबवत थांबवत घड्या घालत बसली होती आणि मुलगा शेजारी झोपी गेला होता. सकाळी ते पाचही प्राणी शाळेत गेले, त्यांचे छायाचित्र पालकांच्या गटावर आले, मुलाच्या वहीत चांदणीही आली. या सगळ्यात त्या मुलाने कागदाला हातसुद्धा लावला नव्हता. त्या आईला मी दोष देत नाही, कारण दिलेले काम चार वर्षांच्या मुलाला येणारे नव्हतेच आणि रिकाम्या हाताने त्याला शाळेत पाठवायला तिचे मन धजले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी निवडलेला प्राणी पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत त्या मुलाला स्वतःला घालता आला पाहिजे, आणि येत नसेल तर मुलाच्या हातातला कागद आपल्या हातात न घेता प्राणी बदलला पाहिजे. आपल्यासारख्या घरोघरी पोचणाऱ्या दैनिकाने हे मनावर घेतले, तर त्याचा उपयोग अनेक अंगणवाड्यांना आणि घरांना होईल, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांना काय जमते याचा अंदाज बांधणे अवघड नाही. विसाव्या शतकात जगभर वापरल्या गेलेल्या स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीत पाच वर्षांच्या मुलासाठी एक प्रश्न असा होता की, चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा लावून त्रिकोणात दुमडायचा आणि तो त्रिकोण पुन्हा एकदा दुमडायचा. म्हणजे दोन घड्या. ज्या वयात दोन घड्यांचा त्रिकोण नीट जमणे ही परीक्षेत विचारण्याजोगी गोष्ट मानली गेली, त्या वयाच्या मुलापुढे आपण एकोणीस आकृत्यांचा हत्ती ठेवतो. मुलाच्या डोळ्यांना हत्ती दिसत असतो, बोटे तिथवर पोचत नाहीत, आणि मधल्या त्या अंतरात ‘मला येत नाही’ हे वाक्य जन्माला येते. एकदा ते मुलाच्या मनात घर करून बसले की नुसत्या शाबासकीने जात नाही.

आता तीन-चार घड्यांत काय होते, ते सांगते. साधारण पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यावा, रंगीत बाजू खाली ठेवावी आणि एक कोपरा समोरच्या कोपऱ्यावर नेऊन त्रिकोण करावा. या त्रिकोणाची लांब बाजू वर ठेवली आणि वरची दोन टोके खाली तिरपी पाडली की कुत्र्याचे कान होतात. खालचे टोक थोडे वर दुमडले की नाक होते. तोच त्रिकोण उलटा धरला, म्हणजे लांब बाजू खाली आणि टोक वर, आणि मग वरचे टोक खाली मुडपून दोन्ही बाजूंची टोके वर उचलली आणि कागद पालथा केला, की मांजर होते. कान खाली पडले की कुत्रा, वर उभे राहिले की मांजर. हा शोध मुलाला लागतो तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. मी तो कधीही आधी सांगत नसे. सोमवारी कुत्रा करायचा, बुधवारी मांजर करायचे आणि गप्प बसायचे, गुरुवारी कोणीतरी ओरडतेच, “बाई, हे तर कुत्र्याचेच आहे!”

या ठिकाणी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. साखर कारखान्याच्या तळावर ऊसतोड मजुरांच्या पालांजवळ हंगामापुरती भरणाऱ्या बालवाडीत मी दोन हिवाळे काम केले. तिथे साडेपाच वर्षांचा एक बंजारा मुलगा होता. घरी गोरमाटी बोलणारा. आमची मराठी त्याला कळे, पण तोंडातून शब्द काढत नसे. घोटीव कागद संपले होते, म्हणून त्या दिवशी मी वह्यांना कव्हर घालायच्या खाकी कागदाचे चौकोन कापून दिले होते. सगळी मुले मांजर करत होती. याने त्रिकोण केला, वरचे टोक मुडपले, पण बाजूची टोके वर उचलताना इतकी निमुळती आणि इतकी बाहेर काढली की ते कान राहिलेच नाहीत. मी शेजारी बसून पाहत होते आणि खरे सांगायचे तर ‘जरा आत घे’ असे माझ्या ओठांवर आले होते. त्याने कागद पालथा केला, दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. म्हणाला, “बैल.” त्याच्या पालाबाहेर दोन बैल बांधलेले असत, रात्री उसाची गाडी ओढून आलेले. खाकी रंगाचा, लांब शिंगांचा तो बैल हुबेहूब तिथला होता. दुसऱ्या दिवशी तळावरच्या अठरा मुलांनी मांजर सोडून बैलच केले आणि त्याने प्रत्येकाला शिंग कुठून काढायचे ते बोटाने दाखवले. मी त्या दिवशी ओठांवर आलेले बोलून गेले असते, तर आम्हाला एक बरे मांजर मिळाले असते आणि बैल मात्र मिळाला नसता.

घडीकामावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे, तो या प्रसंगाशी ताडून पाहावा असे मला वाटते. बालोद्यान (किंडरगार्टन) ही कल्पना मांडणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी आपल्या शाळेत मुलांच्या हातांना द्यायच्या कामांमध्ये कागदाच्या घड्यांना जागा दिली होती. पुढे १८७६ मध्ये टोकियोत जपानचे पहिले सरकारी बालोद्यान सुरू झाले तेव्हा जपानची स्वतःची घडीकामाची जुनी परंपरा आणि फ्रोबेलची पद्धत एकत्र आली. परंतु काही दशकांतच तिथल्या शिक्षणतज्ज्ञांनी तक्रार केली की, शिक्षकाने सांगायचे आणि साऱ्या वर्गाने एका तालात तीच घडी घालायची, यात मुलाचे स्वतःचे काहीच नाही. ही नुसती नक्कल आहे. तक्रार योग्य होती. तीसही मुलांनी एकाच वेळी, एकाच रंगाचा, एकाच मापाचा बगळा करायचा आणि ज्याचा वाकडा झाला त्याचा बाईंनी सरळ करून द्यायचा, हे घडीकाम म्हणजे कवायतच होय. पण हा दोष पद्धतीचा आहे, कागदाचा नाही. मुलाला एक साधा त्रिकोण देऊन थांबले आणि टोक कुठे न्यायचे ते त्याच्यावर सोडले, तर त्याच त्रिकोणातून ससा, कोल्हा, घुबड आणि बैलही निघतो. कधी कोणता प्राणी निघाला हे मोठ्यांना ओळखता येत नाही. ओळखता आलेच पाहिजे असेही नाही.

आपल्याकडच्या बालशिक्षणाने हे फार पूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केले, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी थेट आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरींचे महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते, म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले, खडे हेच साहित्य झाले. मॉन्टेसरी पद्धतीत रुमालाच्या घड्या घालण्याचा एक पाठ असतो. रुमालावर मधोमध किंवा कर्णावर रंगीत दोऱ्याची शिवण असते आणि मूल त्या शिवणीवर घडी घालते. आमच्या बालवाडीत कागद हातात देण्यापूर्वी पंधरा दिवस आम्ही रुमालच देत असू. कापडाची घडी चुकली तर झटकून पुन्हा घालता येते. कागदावर मात्र चुकलेल्या घडीची रेघ राहून जाते आणि पुढची घडी त्या रेघेवर घसरते. म्हणून आधी कापड आणि मग कागद हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो.

शिवाय घडी ही काही आपल्या घरात नवी नाही. आजी घडीची पोळी करते तेव्हा लाटलेल्या पारीला तेलाचे बोट फिरवून ती आधी अर्धी आणि मग पुन्हा अर्धी दुमडते, तेव्हा तिच्या पोळपाटावर तोच त्रिकोण तयार होतो. विड्याचे पान, वाण्याची पुडी, सणाला कपाटातून काढलेल्या नव्या साडीची घडी मोडणे, हे सगळे मुलाने पाहिलेले असते. घडीकामाची सुरुवात मी पुष्कळदा कणकेच्या गोळ्यापासून करत असे. पोळी दुमडून त्रिकोण करता येणाऱ्या मुलाला कागदाचा त्रिकोण परका वाटत नाही, आणि ‘ओरिगामी’ हा शब्द त्याला माहीत असण्याची गरज पडत नाही. (जपानी भाषेत ‘ओरी’ म्हणजे दुमडणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद, इतकाच त्या शब्दाचा अर्थ आहे.)

पुस्तकी भूमितीलाही या खेळाने हात दिलेला आहे. तंडलम सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि ही कल्पना आपल्याला बालोद्यानातल्या घडीकामाच्या साहित्यावरून सुचली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. ते पुस्तक पुढे १९०१ मध्ये अमेरिकेतही निघाले. बालवाडीतल्या मुलाला अर्थातच यातले काही सांगायचे नसते. तो कोपऱ्याला कोपरा भेटवतो, मध्ये उमटलेली तिरपी रेघ बोटाने चाचपतो, आणि दोन्हीकडे सारखेच आले की नाही हे कागद उजेडाकडे धरून पाहतो. पाचवी-सहावीत ‘कर्ण’ हा शब्द जेव्हा त्याच्या कानावर पडेल, तेव्हा ती रेघ त्याच्या बोटांना आठवावी, एवढीच माझी अपेक्षा असते.

कागदाविषयी थोडे लिहिते, कारण मुलाचा निम्मा त्रास कागदामुळे होतो आणि बोल मात्र त्याच्या हाताला लागतो. बाजारात कापून मिळणाऱ्या चौकोनी कागदांच्या गठ्ठ्यात पुष्कळदा एक बाजू दोन-तीन मिलिमीटर मोठी असते. मूल जीव लावून कोपऱ्याला कोपरा जुळवते आणि तरी कडा जुळत नाहीत. तेव्हा आपलेच चुकले असे त्याला वाटते. कागद आधी स्वतः दुमडून पाहावा आणि वाकडा असेल तर कापून सरळ करून मगच मुलाला द्यावा. घोटीव कागदाची एक बाजू रंगीत आणि एक पांढरी असते, ती मुलांना फार उपयोगी पडते, कारण ‘रंगीत बाजू जमिनीकडे’ एवढे सांगितले की पुरते. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या कागदात कुठली बाजू वर होती हेच मूल विसरते. गुळगुळीत छापील कॅलेंडरचा कागद घडीवर तडकतो. झेरॉक्सचा कागद मोठ्या माणसाला सोयीचा वाटला, तरी तीन-चार घड्या एकावर एक आल्या की लहान बोटांना दाबता येत नाही.

आणि वर्तमानपत्राचा कागद? संपादक महोदय, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हाताशी असलेला कागद आहे. बारीक कामाला तो चालत नाही, कारण तो मऊ आहे आणि घडी धरून ठेवत नाही. पण पहिल्या आठवड्यात मुलाला हातभर मोठा चौकोन दिला, तर ते जमिनीवर गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहातांनी घडी घालते, आणि बोटांचे कौशल्य नसले तरी मोठा कुत्रा तयार होतो, जो डोक्यावर टोपीसारखा ठेवताही येतो. मुलांना आवडणारी आणखी एक गंमत त्यात आहे: वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वाकडेतिकडे जाते, कारण कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू एका दिशेला लागतात. घडीही तंतूंच्या दिशेने सहज बसते. हे एकदा हाताला कळले की मूल कागद हातात घेताच तो फिरवून पाहू लागते.

शिकवणाऱ्याने कुठे बसावे, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझी पहिली पाच वर्षे या चुकीत गेली. मी मुलांच्या समोर बसून दाखवत असे. त्यामुळे माझी डावी बाजू त्यांची उजवी होई, माझ्यासाठी वर असलेले टोक त्यांच्यासाठी खाली येई, आणि निम्मा वर्ग उलटा होई. पुढे मी मुलांच्या ओळीत, त्यांच्याच दिशेला तोंड करून, त्यांच्यापेक्षा चौपट मोठा कागद घेऊन बसू लागले. एका वेळी सहा मुलांपेक्षा जास्त नाहीत. तोंडाने कमी बोलायचे. ‘कोपऱ्याला कोपरा भेटवा’, ‘बोटाने धरून ठेवा’, ‘आता नखाने इस्त्री करा’ ही तीन वाक्ये बहुतेक प्राण्यांना पुरतात. मूल अडले तर त्याचा कागद न घेता आपल्या कागदावर तीच घडी पुन्हा उघडून घालून दाखवायची. यात वेळ जातो हे मला मान्य आहे. एका प्राण्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि तीस मुलांच्या अंगणवाडीत एकट्या ताईंना ते दररोज शक्य होणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदा आणि सहा-सहांच्या गटांत, बाकीची मुले मातीत किंवा ठोकळ्यांत रमलेली असताना, असे करावे लागते.

सहा-सात वर्षांपासून गोष्ट बदलते. पोस्टकार्डासारख्या जाड कागदाचा उडी मारणारा बेडूक सहा-सात वर्षांच्या मुलांना जमतो. त्याच्या मागच्या पायांची घडी उलटसुलट दुमडलेली असल्यामुळे ती दाबून सोडली की तो स्प्रिंगसारखा उसळतो, आणि घडी सैल घातली तर तो उडत नाही, म्हणजे मुलाचे काम कसे झाले हे बाईंऐवजी बेडूकच सांगतो. लग्नाच्या जुन्या पत्रिका यासाठी उत्तम. हंस, देवमासा हे पतंगाच्या आकाराच्या घडीतून होणारे प्राणीही याच वयाला ठीक आहेत.

बगळा मात्र थांबवून ठेवावा. ज्याला जपानीत ‘त्सुरू’ म्हणतात तो क्रौंचपक्षी घडीकामाचे प्रतीकच झालेला असल्यामुळे प्रत्येकाला तो आधी शिकवावासा वाटतो. त्यात कागदाचे पोट उघडून पाकळीसारखे वर खेचण्याची एक घडी आहे, ती सात-आठ वर्षांच्या आतल्या फारच थोड्या मुलांना स्वतः जमते. काही शाळांत ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाला लहान गटापासून सर्वांकडून हे पक्षी करून घेतले जातात आणि सादाको सासाकी हिची हकीकत सांगितली जाते. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची असलेली ही मुलगी दहा वर्षांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली, रुग्णालयात तिने कागदाचे पक्षी केले आणि २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बारा वर्षांची असताना, ती गेली. हिरोशिमात १९५८ मध्ये उभारलेल्या मुलांच्या शांतिस्मारकाशी आजही जगभरातून कागदी पक्षी येतात. ही हकीकत मुलांना कळावी असे मला मनापासून वाटते. पण ती चौथी-पाचवीतल्या मुलांना सांगावी, ज्यांना तो पक्षी स्वतःच्या हाताने पुरा करता येतो आणि एका मुलीने आजारपणात तो पुन्हा पुन्हा का केला असेल, याचा विचारही करता येतो. चार वर्षांच्या मुलाला मृत्यूची गोष्ट सांगून बाईंनी केलेला पक्षी दोऱ्यात ओवायला देणे, हे ना त्या मुलीला न्याय देणारे आहे, ना या मुलाला.

आता बालपुरवणीविषयी. आकृत्या कशा काढाव्यात हे नव्याने शोधण्याची गरज नाही. अकिरा योशिझावा हे जपानी कलावंत १९११ मध्ये जन्मले. कारखान्यात नोकरी करत असताना सहकाऱ्यांना भूमिती समजावण्यासाठी ते घड्यांचा उपयोग करत. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी बाण आणि तुटक रेघा यांची एक चिन्हभाषा वापरली. सॅम्युअल रँडलेट यांनी ती पुढे रुळवली आणि आज जगात कुठल्याही भाषेतले घडीकामाचे पुस्तक त्या चिन्हांवरून वाचता येते. पुढे येणारी घडी तुटक रेघेने, मागे जाणारी घडी रेघ-टिंब रेघेने, कागद उलटायचा असेल तर वळसा घेतलेला बाण. आपल्या पुरवणीतल्या हत्तीला तो वळशाचा बाण असता, तर निदान सातव्या आकृतीवर ती मुलगी अडली नसती. वाचता न येणाऱ्या मुलाला ही चिन्हे आठवड्याभरात कळतात, आणि छापील कागदावरून आपल्याला काहीतरी वाचता आले याचा त्याला केवढा अभिमान वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र त्यासाठी चिन्हे दर वेळी तीच असावी लागतात. एका रविवारी ठिपके आणि दुसऱ्या रविवारी लाल रेघ असे चालत नाही.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी की, चार ते सहा वर्षांसाठी असलेल्या उपक्रमात पाचापेक्षा जास्त घड्या असू नयेत आणि प्रत्येक आकृती मुलाच्या मुठीएवढी तरी मोठी असावी. उपक्रम छापण्यापूर्वी त्या वयाच्या दोन-तीन मुलांपुढे तो ठेवून पाहावा. त्यांना मोठ्यांच्या हाताशिवाय जमला तर छापावा, नाही तर आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी राखून ठेवावा. वर्षातून एखाद्या रविवारी पुरवणीचे एक पान, जाहिरात आणि मजकूर न घेता, एका बाजूने एकरंगी आणि एका बाजूने कोरे असे, कडेला चौकोनाची रेघ आखून दिले, तर ज्या घरात घोटीव कागद विकत आणला जात नाही त्या घरातल्या मुलालाही त्या दिवशी कागद मिळेल. एका पानाची जाहिरात सोडणे हा दैनिकाला खर्चाचा भाग आहे याची मला जाणीव आहे. तरीही मागते. आणि वाचकांकडून छायाचित्रे मागवताना ‘सर्वांत सुबक प्राणी’ ही स्पर्धा ठेवू नये. सुबक प्राण्यांची स्पर्धा ठेवली की रात्री अकरा वाजता आईच जागणार. त्याऐवजी मुलाने आपल्या प्राण्याला काय नाव दिले आणि तो काय खातो, एवढे त्याच्याच शब्दांत पालकांनी लिहून पाठवावे.

पहिल्या अंकासाठी मी वर सांगितलेला कुत्रा सुचवते. शेजारच्या मुलीबरोबर मी तो काल करून पाहिला आहे. तिने तो चार घड्यांत, माझा हात न लागता पुरा केला. त्याचा डावा कान उजव्यापेक्षा बराच लांब झाला. तो सरळ करू का, असे मी विचारले नाही. तिनेच सांगितले की त्या बाजूला त्यांचे दार आहे आणि बाबा आले की त्याला आधी कळते. हा कुत्रा मात्र ती घरी घेऊन गेली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
कराड, जि. सातारा